खसखशीएवढी गाठ

४ मार्च

प्रयोगशाळेतल्या नव्या वाऱ्याच्या बोगद्याचं आज उद्घाटन झालं. संचालकांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या संपायच्या आत फितीच्या दोन्ही टोकांचे दोरे सुटून लोंबायला लागले. कापण्याआधी दोन बाजूंना दोन गाठी मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण मला विचारतो कोण.

ही वही जुन्या बोगद्याची कोरी नोंदवही आहे, म्हणून पानांवर 'वेग', 'कोन', 'दाब' असे रकाने छापलेले आहेत. मी ते ओलांडून लिहिणार. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जुना बोगदा उन्हाळ्यात मोडणार. तुला आठवतंय ते लिहून ठेव. माझ्या डोक्यात नुसते आकडे राहतात."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बाकी सगळ्याच बाबतीत मोठ्या. विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहतो हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमचे हे त्या जुन्या बोगद्याचा पंखा सांभाळायचे. घरात तेव्हा विनोद होता, बहिणीकडे पंख आणि भावाकडे पंखा. हे गेल्यावर दोन महिन्यांनी वन्सं मला कामावर घेऊन गेल्या. "सहा आठवड्यांचं काम आहे, तेवढंच मन रमेल," म्हणाल्या. त्याला अकरा वर्षं झाली. मन रमलं की नाही ते तपासायचं राहूनच गेलं.

माझं काम दोरे लावायचं. बोगद्यात लाकडाचा छोटा पंख बसवतात आणि त्याच्यावर वारा सोडतात. वारा दिसत नाही, म्हणून पंखावर बोटभर लांबीचे रेशमी दोरे ओळीने चिकटवायचे. दोरा पंखावर पडून राहिला तर वारा पंखाला धरून आहे. दोरा थरथरून उभा राहिला की समजायचं, वाऱ्याने पंख सोडला. पंखाचं नाक वर उचलत गेलं की वारा कधीतरी सुटतोच, आणि खऱ्या विमानात तो सुटला की विमान खाली येतं. इतरांचे पंख चौदा अंशांना वारा सोडतात, वन्संचा सतराला. त्यांच्या नावाची ती वक्ररेषा आता पाठ्यपुस्तकात आहे. टेकडीसारखी दिसते, फक्त माथा जरा पुढे सरकलेला.

अकरा वर्षं तो पंख कागदावर आणि लाकडात होता. आता पहिल्यांदा त्याचं खरं विमान झालंय, आखूड जागेत उतरणारं. २४ एप्रिलला उडणार. ते उडालं की नव्या बोगद्याला वन्संचं नाव द्यायचं ठरलंय. पाटी तयार आहे, सुताराकडे कापडात गुंडाळून ठेवलीये. मी कापड उचलून पाहिलं. अक्षरं चांगली आलीयेत.

७ मार्च

नव्या बोगद्यात दोरे नाहीत. तिथे धूर सोडून वारा बघतात. ते काम ज्या मुलीकडे आहे ती तिशीची, हुशार आणि सदा घाईत. मी तिला धूरवाली म्हणते. ती माझ्या मागे मला दोरेवाल्या काकू म्हणते, त्यामुळे फिट्टंफाट.

आज ती जुन्या बोगद्यात आली आणि माझ्या डब्या, कात्र्या, रिळं बघत उभी राहिली. वस्तुसंग्रहालयात उभं राहतात तशी.

"काकू, तुमचे दोरे निघत कसे नाहीत हो? आमच्या कॉलेजात निम्मे उडून जायचे."

"हातगुण," मी म्हटलं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत माझेही उडाले होते. ते जाऊन पंख्याच्या जाळीत अडकले आणि बोगदा अर्धा दिवस बंद. वन्संनी बजावलं होतं, नुसता दोरा आणि नुसता डिंक, गाठ नको, पंख गुळगुळीत राहिला पाहिजे. मी शिवणकाम करणारी बाई. गाठीशिवाय दोरा टिकतो का कुठे? तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्या ओळीतल्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला खसखशीएवढी गाठ मारली, डिंकात दाबली आणि वरून नख फिरवलं. पुढच्या कडेला वाऱ्याचा मार सगळ्यात जास्त, म्हणून तिथेच. कोणाला दिसली नाही. तेव्हापासून माझा एकही दोरा सुटलेला नाही.

त्याच महिन्यात वन्संना सतरा अंशांचा शोध लागला. माझा पायगुण, असं मी मनात म्हणत आले आहे. त्यांना तसं सांगितलं तर हसतील.

१५ मार्च

नव्या बोगद्यात वन्संच्या पंखाने चौदा अंशांनाच वारा सोडला.

धूरवाली कागद घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. वन्संनी आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नवा बोगदा आहे. वारा सरळ येतोय का बघा आधी," एवढंच बोलल्या. घरी सूप नेहमीसारखं प्यायल्या. मीठ कमी पडलं होतं, तेही सांगितलं.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. इतकं चकचकीत यंत्र आणून शेवटी धुरात धूर.

२० मार्च

आज वैमानिक आला होता. ते विमान तोच उडवणार. इतका उंच आहे की विमानात बसताना त्याला घडी घालावी लागत असेल. त्याच्या उड्डाणाच्या पोशाखाचं छातीवरचं बटण लोंबत होतं. मी म्हटलं, काढ, टाकून देते दोन टाके. तो बनियनवर स्टुलावर बसला आणि चहा पीत बोलत राहिला.

"उतरताना नाक सोळा अंशांपर्यंत उचलणार, काकू. जमिनीपासून चाळीस-पन्नास मीटरवर. तेवढ्यात काही बिनसलं तर सावरायला जागा नाही. पण मॅडमचा पंख सतरापर्यंत धरतो ना?"

"धरतो. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांनी बघतेय."

"झालं तर मग," तो म्हणाला.

बटणाला चांगल्या चार गाठी मारल्या. आता पोशाख फाटेल पण बटण निघणार नाही.

२८ मार्च

दोन आठवडे धूरवालीने सगळं तपासलं. वारा सरळ आहे. काटे बरोबर आहेत. पंखाची मापं घ्यायला गेली तेव्हा सुतार तिच्यावर बिघडला. "माझ्या रंध्यावर संशय? केसभर फरक दाखव, आज काम सोडतो." फरक निघाला नाही.

मग तिने जुन्या बोगद्यातला पंख मागितला. मी दोरे काढून, कोमट पाण्याने डिंक धुऊन, पुसून दिला. तिच्याकडे तो चौदाला सुटला. वन्संनी तोच पंख परत आणवला. मी दोरे लावले, नेहमीसारखे. जुन्या बोगद्यात सतरा. पुन्हा केलं, सतरा. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पंख तोच, मग खोट नव्या बोगद्यात, असं सगळ्यांचं मत पडलं.

धूरवाली एकटीच टाळ्या न वाजवता उभी होती. तिने विचारलं, "पंख किती वजन उचलतो ते आकडे घेताना दोरे काढत नाही आपण?"

वन्सं म्हणाल्या, "एका पंखाचे दोरे काढून परत लावायला अर्धा दिवस जातो. आणि रेशमाचा एक दोरा, वाऱ्याला त्याचं काय ओझं? बाहेरच्या दोन प्रयोगशाळांनीही सतराच मोजलेत."

ते पंखही मीच दोरे लावून, पेटीत कापूस घालून पाठवले होते. प्रवासात एक दोरा हलला नव्हता. तसं त्यांनी पत्रात मुद्दाम लिहिलं होतं.

३ एप्रिल

आज मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. बैठकीत धूरवालीने सगळ्यांसमोर विचारलं, जुन्या बोगद्यात एकदा तिने स्वतः दोरे लावून बघावं का. म्हणजे माझ्या हातावर संशय. मी काही बोलायच्या आत वन्सं बोलल्या.

"माझ्यावर शंका घे, बोगद्यावर घे. वहिनीच्या दोऱ्यांवर नको."

वन्सं कामाच्या जागी मला वहिनी म्हणत नाहीत. आज म्हणाल्या. संचालकांनी ठरवलं, उड्डाण २४ तारखेलाच. मला भरून आलं. घरी येताना वन्संना आवडतात ती सफरचंदं घेतली.

९ एप्रिल

सोमवारी माझी दाढ काढली, दोन दिवस रजा. तेवढ्यात धूरवालीने डाव साधला आणि स्वतः दोरे लावून पंख बोगद्यात घातला. तिचे दोरे उडाले! जाळीत जाऊन बसले! सुताराने येऊन मला ही गोष्ट सांगितली तेव्हा दाढेचा ठणका असूनही मी हसले आणि टाका दुखला.

ती म्हणतेय की दोरे उडायच्या आधी पंख चौदालाच सुटला होता. पण अर्धे दोरे जाळीत असताना कोण ऐकणार? वन्संनी तिला सगळ्यांसमोर झापलं. नंतर मला ते जरा जास्तच वाटलं. पोरगी रडली नाही, जाळी साफ करत बसली.

१२ एप्रिल

धूरवाली आज स्वतः बोलवायला आली. "काकू, भांडण नको. तुम्ही एकदा धूर बघा तरी." गेले. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

काचेतून पाहिलं. धुराच्या बारीक सरळ रेघा येतात आणि पंखावरून अंग चोरून जातात. सुंदर दिसतं, हे कबूल केलं पाहिजे. तिने पंखाचं नाक उचललं. बारा, तेरा, चौदा. चौदाला धूर पंखावरून उठला आणि मागे नुसता गोंधळ झाला. पण एका ठिकाणी उठला नाही. डावीकडे हातभर अंतरावर एक पट्टा तसाच पंखाला धरून राहिला. पंधरा झाले, सोळा झाले, पट्टा धरूनच.

"हात्तिच्या, चिलट मेलंय तिथे," धूरवाली वैतागून म्हणाली. "पुढच्या कडेला चिकटलंय. एवढासा ठिपका, पण त्याच्या मागचा वारा खवळतो आणि खवळलेला वारा पंखाला जास्त वेळ धरून राहतो. सगळं खोटं दिसायला लागतं. थांबा, पुसून परत दाखवते."

मी विचारलं, "केवढं आहे चिलट?"

तिने आत हात घालून बोटावर घेतलं आणि दाखवलं.

१३ एप्रिल

खसखशीएवढं होतं.

१६ एप्रिल

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं.

मी काय काय म्हणून पाहिलं ते तरी लिहिते. चिलट ओबडधोबड असतं, माझ्या गाठी गोल आणि डिंकात बसलेल्या. चिलट एक होतं. यावर माझंच मन म्हणालं, तुझ्या गाठी चाळीस आहेत. मग म्हटलं, मला शास्त्रातलं काय कळतं. हे सगळ्यात सोयीचं होतं. त्याच्या आधारावर एक अख्खा दिवस काढला.

वन्संनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, एक रेषा काढली. ती मी कशी पुसू? आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली, त्या पोरीला माझ्यासाठी झापलं. मला भीती वाटते. त्या ओरडतील याची नाही. त्या माझ्याशी नीट वागतील याची.

१८ एप्रिल

दुपारी वैमानिक दिसला. बायको बरोबर होती, तिला विमान दाखवायला आणलं होतं. मला पाहून त्याने छातीवरचं बटण ओढून दाखवलं. "बघा, पक्कं आहे!" त्याची बायको हसली. मी हात केला आणि तोंड फिरवून डिंक ढवळत बसले. वन्सं आज संध्याकाळी बाहेर होत्या. उद्या सकाळी सांगायचं. लिहून ठेवते म्हणजे पळवाट राहणार नाही.

१९ एप्रिल

सांगितलं.

सकाळी वन्सं वर्तमानपत्र वाचत होत्या, मी अंडी उकडायला ठेवली होती. पाठ त्यांच्याकडे करून सांगितलं.

"वन्सं, माझ्या दोऱ्यांना गाठी असतात."

"कसल्या गाठी?"

"टोकाला. पहिल्या ओळीत. तुम्ही नको म्हणाला होतात. मी मारल्या."

कागदाचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. मला वाटलं होतं त्या लाल होतील. पण त्यांनी मोजणीच्या वेळचा चेहरा केला होता.

"केवढी?"

मी शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, गाठ मारली, समोर ठेवली. त्यांनी भिंग आणलं. बराच वेळ बघत होत्या. मग बोटाच्या टोकाने चाचपली.

"पहिल्या दिवसापासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"बाहेर पाठवलेल्या पंखांनाही?"

"सगळ्यांना."

त्या उठल्या, कोट घातला, माझाही कोट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. गाडीत एकदाच बोलल्या. "अकरा वर्षं, वहिनी." मला रडू आलं आणि त्यांनी रुमाल दिला. हेच, ज्याची मला भीती होती.

प्रयोगशाळेत त्यांनी धूरवालीला बोलावलं आणि तिच्यासमोर मला परत सांगायला लावलं. पोरगी "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली नाही. हे मी तिच्या नावावर जमा धरते. मी बिनगाठीचे दोरे लावले. ते उडायच्या आत वारा चौदाला सुटला. मग गाठींचे लावले. सतरा. मग वन्संनी स्वतः ब्लेडने दोरे कापून नुसत्या गाठी ठेवल्या. सतरा.

दुपारी वन्संनी संचालकांना बोलावून सांगितलं, सोळा अंश नाही, विमानाचं नाक अकराच्या वर न्यायचं नाही. संचालक म्हणाले, "तुमची वक्ररेषा एका गाठीपायी मागे घेणार? खऱ्या विमानाचा पंख वीसपट मोठा. तिथे कदाचित सतराच निघतील."

"कदाचित निघतील," वन्सं म्हणाल्या. "मला माहीत नाही. माहीत नाही तिथे माणूस पाठवायचा नसतो."

घरी परतलो तर भांड्यातलं पाणी आटलेलं. अंडी फुटून काळी झाली होती. नशीब, भांड्यावरच निभावलं.

२४ एप्रिल

विमान अकरा अंशांवर उडालं आणि लांबलचक जागा घेऊन उतरलं. बघायला आलेल्यांची निराशा झाली. वैमानिक उतरून थेट माझ्याकडे आला. त्याला सगळं कळलेलं होतं. मी म्हटलं, "मी तुला पंख धरतो म्हणून सांगितलं होतं." त्याने छातीवरचं बटण चाचपलं. म्हणाला, "बटण धरलं ना." माझ्या जिवात जीव आला, पण विनोद बरा नव्हता.

२ मे

वन्संनी शास्त्राच्या मासिकाला पत्र लिहिलं. एकच पान. माझी रेषा मागे घेत आहे, असं पहिलंच वाक्य. मी म्हटलं, चूक माझी आहे, तसं छापा. त्या म्हणाल्या, "वहिनीने गाठी मारल्या, असं छापत नाहीत." शेवटी त्यांनी लिहिलं, 'दोरे लावणाऱ्या माझ्या सहकारी यांनी ही बाब निदर्शनास आणली.' मी ती ओळ चार वेळा वाचली. सहकारी.

पाटी लागणार नाही. सुताराने ती उलटी करून धूरवालीच्या खोलीत फळी म्हणून ठोकली. तिच्यावर आता धुराच्या तेलाचे डबे ठेवतात. वन्संनी पाहिलं आणि "जरा तिरकी आहे" म्हणाल्या. सुताराने काढून परत सरळ ठोकली.

११ मे

जुना बोगदा मोडायला लागले. मी कपाट रिकामं करत होते, त्यात वन्संच्या जुन्या वह्या निघाल्या. त्यांची पद्धत मला माहीत आहे. काम संपलं की न कळलेल्या गोष्टींची यादी करायची आणि कळेल तसतशी प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या महिन्याचं पान उघडलं. चार ओळी होत्या. पहिल्या तिन्हींपुढे खूण. चौथी अशी: 'वहिनीचे दोरे आता निघत नाहीत. का? विचारणे.'

पुढे काही नाही.

वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या आणि धूरवाली पंखाच्या चित्रावर वाकून काहीतरी आखत होत्या.

"का नाही विचारलंत?" मी म्हटलं. "मी सांगितलं असतं."

वन्संनी पान वाचलं. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"दादाला जाऊन तिसरा महिना होता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू बोगद्यापाशी उभी राहून हसलीस. दादा गेल्यावर पहिल्यांदा. मी विचारायला आले आणि तशीच परत गेले. म्हटलं, उद्या विचारू."

मला ते हसणं आठवत नाही. बहुतेक दोरे टिकले म्हणून हसले असेन. एवढ्याशा कारणासाठी अकरा वर्षांचं शास्त्र कोणी अडवून ठेवतं का? वन्संसारख्या बाईने? मला हे काही नीटसं कळलं नाही.

त्यांनी धूरवालीच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि चौथ्या ओळीपुढे खूण केली. मग चित्र माझ्याकडे सरकवलं. नव्या पंखाच्या पुढच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या चार रांगा होत्या.

"गाठी हव्यात, वहिनी. चार मापांच्या. प्रत्येक माप भिंगाखाली मोजून, वहीत लिहून."

"सगळ्यात बारीक केवढी?"

"खसखशीएवढी," धूरवाली म्हणाली.

खिडकीपाशी उजेड चांगला होता. खुर्ची तिकडे ओढली, भिंग घेतलं आणि सगळ्यांदेखत गाठी मारायला बसले.